सध्या मुक्काम पुणे

पुणं कसं आहे, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. पाहण्यासारखं आहे का, राहण्यासारखं आहे का, पोराला पाठवू का. विचारणाऱ्याचा दोष नसतो हे मला कळतं. हिंगणघाटच्या बसस्टँडवर चहा पिता पिता तो सहज विचारतो, आणि मी तिथे दोन वर्षं राहून आलो म्हटल्यावर मला नाही तर कोणाला विचारणार? तरी चीड येते ती येतेच. त्या शहराच्या नावापायी माझ्या हातून जे गेलं ते परत येणारं नाही, आणि ते घालवण्यात माझाही हात होता, म्हणून तर जास्तच येते.

वणा नदीच्या अलीकडे आमचं घर आहे. दोन खोल्या, मागे अंगण. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, घरात आई आणि मी. मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होतो. कापसाची गाडी आली की तिच्यावर चढायचं, वरवरचा कापूस बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालायचा, मुठीत दाबून ओल पाहायची. मग एक पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचा, धागे अंगठ्यावर घ्यायचे आणि त्यांची लांबी नजरेनं मोजायची. त्यासाठी मशीन असते, पण गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली की मशीनवाल्याची वाट कोण पाहतो? मी एकोणतीस मिलिमीटर म्हटलं की मशीनही एकोणतीसच म्हणायची. शेतकरी भांडायचे, "भाऊ, ओला नाई तो, सकायचं दव हाय," म्हणायचे, आणि पुढच्या खेपेला गाडी घेऊन माझ्यासमोरच येऊन उभे राहायचे. मॅनेजर मला विचारल्याशिवाय भाव बोलत नसे. हंगामात पापण्यांवर रुई बसायची, कान बधिर व्हायचे, आणि मला ते काम आवडायचं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे दोन वर्षं सगळ्यांनी मला असं वागवलं की जणू मी कुठल्यातरी खड्ड्यात पडलो होतो आणि मला वर काढायचं होतं.

अठ्ठाविसाव्या वर्षी माझ्यासाठी मुली पाहायला सुरुवात झाली. वडील नसल्यामुळे मामाचा शब्द शेवटचा. मामानं बायोडाटा केला, वर गणपती, खाली माझा फोटो, आणि तो समाजाच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. फोन यायचे. प्रत्येक फोनचा शेवट एकच.

"पोरगा काय करते?"

"जिनिंगमध्ये ग्रेडर हाय. घरचं घर हाय, चार एकर वावर हाय."

"कुठं?"

"हिथंच. हिंगणघाटले."

"अच्छा. पुण्याले काई नाई का?"

आर्वीचा माणूस असो की समुद्रपूरचा, प्रश्न हाच. एक गृहस्थ तर आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडचे. मला लहानपणापासून पाहिलेले. आईनं त्यांच्या बायकोला सहज विचारलं तर ती म्हणाली, पोरगा चांगलाच आहे हो, पण आमची पोरगी पुण्यालाच द्यायची असं ठरलंय. दिली त्यांनी. आता ते दोघं संध्याकाळी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की लेक दोन-दोन वर्षं येत नाही, तिला सुट्टी भेटत नाही. मी तिथून गाडी जोरात काढतो. थांबलो तर तोंडातून काहीतरी निघून जाईल.

दोन वर्षांत अकरा नकार आले. आई देवळात जास्त वेळ बसू लागली. मग एका दिवाळीत मामानं बायोडाटा समोर ठेवला आणि बोट दाखवलं. नोकरीच्या खाली एक नवी ओळ होती: सध्या मुक्काम पुणे.

मी म्हटलं, "मामा, मी तं हिथं हावो."

"मंग जा न," मामा म्हणाला. "लग्न होयेपर्यंत जा. मंग पायजो काय कराचं ते."

आमच्याकडे ही चूक मी एकट्यानं केलेली नाही. गावोगावी असे पोट्टे आहेत, ज्यांना पुण्यात काही मिळवायचं नव्हतं, फक्त बायोडाट्यातली एक ओळ खरी करायची होती. पण दुसऱ्यांची चूक दाखवून आपली लहान होत नाही. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो, शाळकरी पोर नव्हतो. नाही म्हणता आलं असतं. मी बॅग भरली.

आता पुण्याचं सांगतो. पहिली गोष्ट, मी पुण्यात राहिलोच नाही. मी चाकणला राहिलो. पुण्याचा माणूस चाकणला पुणे म्हणत नाही, पण वर्ध्यावरून पाहिलं की ते सगळं पुणंच दिसतं. एका गोदामात काम मिळालं. पट्ट्यावरून खोकी येत, त्यांच्यावरच्या कागदाला यंत्र लावायचं, टुंक वाजलं की खोकं पुढे. आत काय आहे ते कळत नसे आणि कळायची गरजही नव्हती. कोपरापर्यंत हात घालून माल ओळखणाऱ्या माणसाला टुंक वाजवायला बसवलं होतं. पगार इथल्याइतकाच, खर्च वेगळा. खोलीत आम्ही चौघं, एक यवतमाळचा, दोघं बुलढाण्याचे. पाणी टँकरचं. ते आलं की ज्याची सुट्टी असेल त्यानं बादल्या घेऊन चार जिने उतरायचे. केस गळायला लागले तेव्हा यवतमाळवाला म्हणाला, लग्न लवकर कर, नाहीतर बायोडाट्यावरचा फोटोही खोटा ठरेल.

मी पहिल्या आठवड्यात "मले खोकं उचलू लागा" म्हटलं तर पट्ट्याजवळची पोरं हसली. वाईट नव्हती ती, पण मग रोजच "मले मले" करून चिडवू लागली. महिन्याभरात मी "मला" म्हणू लागलो. फोनवर आईशी बोलताना एकदा तोंडातून तेच निघालं, तर आई हरखून शेजारणीला सांगत होती, "पोट्टा पुणेरी बोलून राह्यला माहा." मी फोन ठेवला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

मामा एका लग्नासाठी पुण्याला आला तेव्हाचा राग तर अजून उतरलेला नाही. त्यानं मला सुट्टी घ्यायला लावली. मला वाटलं, शनिवारवाडा पाहायचा असेल, नाहीतर पर्वती. त्यानं रिक्षा थेट हिंजवडीला नेली. तिथे एका काचेच्या उंच इमारतीच्या फाटकासमोर मला उभं केलं, शर्ट आत खोचायला लावला, स्वतःच्या बॅगेतून कंपनीच्या ओळखपत्राला असते तशी एक निळी दोरी काढून माझ्या गळ्यात घातली. त्या दोरीला त्याच्या बँकेच्या पासबुकाचं प्लॅस्टिकचं पाकीट होतं, ते खिशात घाल म्हणाला, दोरी तेवढी दिसू दे. पहारेकरी आला आणि फोटो काढायला मनाई आहे म्हणाला. मामा त्याला म्हणाला, भाचा हिथंच हाय. पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. फोटो निघाला होता. संध्याकाळपर्यंत तो बायोडाट्यासकट ग्रुपवर गेला, आणि चार दिवसांत जितके फोन आले तितके मागच्या दोन वर्षांत आले नव्हते. त्या फोटोत मी कसा दिसतो हे मला कोणी विचारू नये. चोरासारखा दिसतो.

शहराबद्दल खोटं बोलणार नाही. मे महिन्यात आमच्याकडे डांबर वितळतं, तेव्हा तिथे संध्याकाळी वारा सुटतो. सुट्टीच्या दिवशी मी बसनं शहरात जायचो, जुन्या पेठांतून पायी हिंडायचो, एखाद्या टेकडीवर चढून बसायचो. म्हाताऱ्या बायका एकट्या फिरायला येतात, पोरी गाड्या घेऊन कुठेही जातात, कोणी कोणाकडे टक लावून पाहत नाही. हे चांगलं आहे. यवतमाळवाला दिवसा गोदामात आणि संध्याकाळी क्लासला जायचा, त्यानं पुढे चांगली नोकरी धरली, तो तिथेच राहील आणि सुखानं राहील. त्याला तिथे काम होतं. मला नव्हतं. पाहुणा म्हणून जावं, शिकायला जावं, पोट भरायला जावं. पण मुलीच्या बापाला फोनवर सांगता यावं म्हणून कोणी आयुष्य उचलून दुसरीकडे ठेवतं का? आम्ही ठेवतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आमच्याकडे तो डोंगर पाहायलाही कोणी जात नाही, नुसत्या नावावर पोरी देतात.

मग कारंज्याचं स्थळ आलं. कारंजा घाडगे, नागपूर-अमरावती रस्त्यावर. मुलीच्या वडिलांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी, आणि ती बी.एस्सी. होऊन तीच नर्सरी पाहत होती. मी ट्रॅव्हल्सनं पंधरा तास बसून आलो, मामा आणि आई वर्ध्यावरून माझ्यासोबत आले. पोहे झाले, चहा झाला. तिच्या वडिलांनी मला पुण्यातल्या ट्रॅफिकबद्दल विचारलं, मामानंच उत्तर दिलं. मग रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांना बोलायला दहा मिनिटं दिली. इतरांकडे गच्चीवर पाठवतात, इथे तिनं मला सरळ नर्सरीत नेलं, कारण तिची सकाळची कलमं अर्धी राहिली होती.

ती खाली बसली आणि कामाला लागली. खुंट म्हणून लावलेल्या जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीवर चाकूनं उभी-आडवी चीर, साल हलकेच सुटी करायची, संत्र्याच्या काडीवरून काढलेला डोळा आत बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. एका रोपाला मिनिटही लागत नव्हतं. मी पाहतच राहिलो. ज्याच्या हाताला काम कळतं त्याला दुसऱ्याचा हात लगेच ओळखता येतो. मला तिथेच, त्याच मिनिटाला, ही मुलगी आवडली.

"याच्यातले किती जगतात?" मी विचारलं.

"माह्या हातचे शंभरातले नव्वद," ती म्हणाली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "पुण्यात काय करता नेमकं?"

"एका कंपनीत आहे. लॉजिस्टिक्समध्ये."

"त्याच्या पयले?"

"हिंगणघाटला. जिनिंगमध्ये ग्रेडर होतो."

चाकू थांबला. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे कापूस हातानं पायता तुमी? मंग ते काऊन सोडलं?"

मी काहीतरी बोललो, स्कोप वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वापस याचा इचार हाय का? इकडं?"

आता मला सांगा, याहून सोपा प्रश्न कोणी विचारेल का? बसच्या त्या पंधरा तासांत मी दुसरा कसला विचारही केला नव्हता. पण त्याच बसमधून उतरल्यावर मामानं माझा दंड धरून बजावलं होतं, वापस येण्याचं नाव काढलंस तर बारावा नकार पक्का. मला वाटलं ती परीक्षा घेते आहे, बापानंच विचारायला सांगितलं असेल. मी छाती पुढे काढून पुणेरीत म्हणालो, "नाही, नाही. मला आता तिकडेच सेटल व्हायचंय."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचं रोप ओढलं.

मला वाटलं जमलं. परतीच्या बसमध्ये मामाही म्हणाला, जमलंच समज. चौथ्या दिवशी तिच्या वडिलांचा मामाला फोन आला. माणूस सज्जन, फार ओशाळलेला. आम्हाले पसंत हाय, पण पोरगी नाई म्हणते. तिले पुण्याले जाचंच नाई. इकडं राहणारा असता तं हो म्हणली असती, असं म्हणते.

मामा कडाडला, "येडी हाय ते पोट्टी!" आई म्हणाली, नर्सरीच्या चिखलातच राहो मग. मी तिकडे चाकणच्या जिन्यात फोन कानाला लावून उभा होतो. मी म्हटलं, मी परत येतो, त्यांना सांगा मी परत येतो. मामा म्हणाला, एका पोरीसाठी हातातलं पुणं सोडतं का कोणी? आणि परत आलास तर लोक काय म्हणतील, पुण्यात टिकला नाही म्हणतील.

आणि मी थांबलो. इथे मला मामावर रागावता येत नाही, फार प्रयत्न केला तरी येत नाही. फोन माझ्या हातात होता, तिच्या वडिलांचा नंबर माझ्याकडे होता. दहा महिने मी टुंक वाजवत बसलो, कारण हिंगणघाटच्या चौकात चार रिकामटेकडे काय म्हणतील याची मला भीती वाटली. जन्मभर गावात राहिलेल्याला कोणी जाब विचारत नाही, जन्मभर पुण्यात राहिलेल्यालाही नाही. परत येणाऱ्याला मात्र प्रत्येक पानठेल्यावर थांबवून विचारतात. त्या भीतीपायी मी दहा महिने घालवले. गाढवपणा याहून वेगळा नसतो.

शेवटी कापसाचा हंगाम सुरू झाल्यावर जिनिंगच्या मॅनेजरनं फोन केला. माझ्या जागेवरचा माणूस ओला माल पास करत होता, गाठी परत येत होत्या. येतोस का म्हणाला. मी त्याच आठवड्यात निघालो. मामाला सांगितलं नाही. तो अजूनही माझ्याशी बोलत नाही, आणि ही पुण्याची एवढी एक गोष्ट माझ्या फायद्याची झाली.

घरी आलो, कामाला लागलो, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी वर्ध्याला बस बदलून कारंज्याला गेलो. काय बोलायचं ते वाटेत शंभर वेळा ठरवलं. खोटं बोललो होतो हे सांगायचं. काचेची बिल्डिंग माझी नव्हती हेही सांगायचं. मग तिनं चहा पाजावा किंवा हाकलून द्यावं.

तिचे वडील अंगणातच होते. मला पाहून गोंधळले, पण खुर्ची दिली. मी काही बोलायच्या आधीच ते सांगू लागले, जणू मी माफ करावं अशी त्यांची इच्छा होती.

"जमलं बाप्पा एकदाचं. वर्षात सात स्थळं नाई म्हणली पोट्टी. मंग तिच्या मायनं दोन दिवस जेवण सोडलं, तवा हो म्हणली. मागच्या सोमवारीच साक्षगंध झालं." त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे केला. "पोरगा पुण्याले हाय."

मी कप हातात धरून बसलो. शिव्या तोंडात येत होत्या, कोणाला द्यायच्या ते कळत नव्हतं. त्या बापाला द्याव्यात तर त्याचा चेहरा इतका थकलेला. तिच्या आईला द्याव्यात तर माझ्या आईनं दुसरं काय केलं होतं?

"बरं झालं तुमी आले," ते म्हणाले. "तुमाले तिकडचं माईत हाय. जा, तिले जरा समजावून सांगा, पुणं कसं हाय ते. घाबरून राह्यली."

ते हे अगदी मनापासून म्हणत होते. मी उठलो आणि मागे गेलो.

ती त्याच जागी बसली होती, समोर जंबेरीची रोपं. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं असेल, पण तिनं दाखवलं नाही. म्हणाली, "बाबानं पाठोलं?"

"हो. मले म्हणले, पुणं समजावून सांगा." माझ्या तोंडून "मले" निघालं आणि तिचा हात जरा थांबला. मी म्हटलं, "मी वापस आलो. हिंगणघाटले, त्याच जिनिंगमध्ये हावो."

"कवा?"

"या हंगामात. पंधरा-वीस दिवस झाले."

तिनं काडीवरून एक डोळा काढला, चाकूच्या टोकावर धरला. "राह्यासारखं हाय का ते? खरं सांगा. आतापर्यंत सगळे चांगलंच सांगून राह्यले."

दोन वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, आणि मी प्रत्येकाला छाती काढून हो म्हटलं होतं. या एकीला खरं सांगायचं ठरवलं, आता त्याचा उपयोग असो वा नसो.

"हवा चांगली हाय. तुमाले कोणी टोकणार नाई, एकट्यानं फिरता येते. पाणी टँकरचं हाय, माणसं दिवसभर बाहीर असतात. हे काम तिथं नाई." मी रोपांकडे हात केला. "मले इचारान तं, नाई राह्यासारखं. ज्याले तिथं काई काम नाई त्याच्यासाठी नाई."

"मंग दोन वर्षं काऊन राह्यले तुमी?"

मला लाज वाटली, पण त्या दिवशी खोटं बोलायचं नव्हतं. "पोरगी भेटावी म्हून," मी म्हणालो.

तिनं डोळा सालीत बसवला, पट्टी घट्ट गुंडाळली, गाठ मारली.

"भेटली होती नं," ती म्हणाली, आणि पुढचं रोप ओढलं.